बांगड्यांखालचं गजकर्ण

आमच्या तांड्यात गजकर्णावर औषध एकच, टाकळा. बांधावर माजलेला पाला खुडायचा, ताकात वाटायचा आणि थापायचा. माझ्या सासूबाईंचा त्यावर एवढा भरवसा, की दंडावर गजकर्ण उठलं तेव्हा कोपरापासून खांद्यापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या न काढता त्यांनी फटींतूनच लगदा कोंबला. वरून घाम, आतून ओल. कातडी सोलवटली, पू झाला. मी पार भडकले.

ओढतच त्यांना पुसदला नेलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. मीच उतावळी, विचारलं, "टाकळा म्हणजे सगळं थोतांडच ना?"

"तसं नाही. प्रयोगशाळेत त्याच्या पानांच्या अर्कानं बुरशी रोखलेली दिसते. पण बशीतली बुरशी वेगळी, अंगावरची वेगळी. माणसांवर अजून पुरेसं तपासलेलं नाही. आणि फुटलेल्या कातडीवर कच्चा पाला तर नकोच." मग मलम आणि गोळ्या लिहून देत त्या म्हणाल्या, "बांगड्या काढल्याशिवाय उपयोग नाही. पू खोल गेला तर हातावर बेतेल."

झालं! आमच्याकडे त्या बांगड्या नवरा गेल्यावरच उतरतात. घरी आल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. "हात गेला तं जाऊ दे, बांगड्याइले शिवू नोको." मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात सासरे ओसरीवरून उठले. तापट माणूस. बायकोशी कधी गोड बोलल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. "मी मेलो का? जिता बसलो ना इथं! आण हात." बांगड्यांना खोबरेल लावून त्यांनी एकेक हळूच उतरवली. सासूबाई हमसून हमसून रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी, बाया काय म्हणतील म्हणून त्या नळावर जाईनात. तर सासरेच सोबत निघाले, पुढे नाही, बरोबरीनं. नळावर, दुकानात, शेतात. कुणी उघड्या दंडाकडे पाहिलं की सासरे जोरात खाकरायचे. मला हसू आवरायचं नाही, आणि भरूनही यायचं.

हळूहळू जखम सुकली, नवी कातडी आली. आता बांगड्या घालायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी त्या आणून पुढे ठेवल्या. सासूबाईंनी दाराबाहेर चपला घालून थांबलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी लागल्या.

"राहू दे अजून. घातल्या तं हा मानूस पुन्हा घरातच बसन."