मंगळसूत्राच्या वाट्या कोणी कोरल्या

चिंचणीत आमच्या घरी डाय कोरण्याचं काम चाले. धातूच्या ठोकळ्यात नक्षी उलटी आणि खोल कोरायची. त्यावर सोन्याचा पत्रा ठोकला की ती उठून येते. त्या ठोकळ्याला डाय म्हणतात. साठ सालानंतरच्या चार-पाच वर्षांत मंगळसूत्राच्या वाट्यांच्या माझ्या डाय मुंबईचे व्यापारी मागून नेत. अजूनही एखादा म्हातारा कारागीर भेटला की त्या वाट्यांची आठवण काढतो, मला नमस्कार करतो. त्या मी कोरलेल्या नाहीत.

माझी धाकटी बहीण शिरगावला दिली होती. तेविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली. दिवसभर चुलीपाशी असायची, बोलायची नाही. एकदा मी जेवायला उठलो तेव्हा तिने डायवरची माझी अर्धवट राहिलेली पाकळी पुरी केली. मी ओरडणारच होतो, पण आधी मेणावर ठसा घेतला. तशी कड मला कधी जमली नव्हती.

मग ती मागच्या खोलीत रोज कोरायला बसू लागली. आई जेवायला हाका मारून थकायची.

"येते गो, येक पान रायलंय."

"दमली असशील, ऊठ," मी एकदा म्हटलं.

"दमायला होतं ते चुलीपाशी, दादा. हितं नाय."

सौभाग्याच्या दागिन्याला विधवेचा हात म्हटल्यावर एकही व्यापारी डाय घेणार नव्हता. म्हणून बाहेर नाव माझं होतं.

एक दिवस शेजारीण विरजण मागायला थेट आत आली. "काय गो, कारागीर झालीस? बरं हाय, घालता येत नाय तर कोरून तरी घे!"

बहिणीने मान वर केली नाही. "मी कोरते म्हणून तर तुझ्या गळ्यात हाय."

ते बोलणं गावभर झालं. आठवड्याभरात आमच्या डाय नेणारे मुंबईचे शेठ ओटीवर येऊन बसले.

"वाटीला विधवेचा हात लागतो म्हणतात. खरं काय?"

"छे हो शेठ! ती केरवारे करते. बायका काहीही बोलतात," असं म्हणून मी हसलोसुद्धा. बहीण चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप ठेवला आणि आत गेली. शेठ गेल्यावर मी तिच्या छिन्न्या उचलून माझ्या ट्रंकेत टाकल्या. थोडे दिवसच, म्हणालो.

पुढच्या खेपेला शेठ ठसा उजेडात धरून म्हणाले, "हात बिघडला तुमचा."

मी तिच्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. "बस परत. आता कोणाला कळू देणार नाही."

"शेठला सांग कोन कोरतं ते. मग बसते."

"वेडी आहेस का? धंदा बुडेल."

"मग तूच कोर."

धंदा बुडालाच. तारापूरकडे मोठं बांधकाम चालू होतं, तिथे मी गोदामात लागलो. ती त्यानंतर अठरा वर्षं जगली. लोकांच्या घरी पापड लाटले, आजाऱ्यांचं केलं. छिन्नीला पुन्हा हात लावला नाही.

तिच्या आधी शेठ गेले, आई गेली, शेजारीणही गेली. सांगायला कोणाची आडकाठी उरली नव्हती. तरी ती असेपर्यंत मी सांगितलं नाही. लोक मला कारागीर म्हणत होते आणि मला ते आवडत होतं.