पंधरावं नाव

"मी कुठं चालले, सर? हायेच की इथं." किल्ली न्यायला उशीर झाला म्हणून कुणी वरमलं, की काकू एवढंच म्हणायच्या. म्हणतानाही एक हात दाराच्या कडीवर आणि एक कान आतल्या खोलीकडे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिचं घर कधी बंद नसतं, म्हणून सगळे आपापल्या घराच्या किल्ल्या तिच्याकडे ठेवून जातात.

आमचं गाव टेंभुर्णीच्या थोडं पुढं. मी तिथल्या शाळेत मास्तर, आणि काकूंचं घर शाळेच्या वाटेवर. त्यांच्या नवऱ्याला लकवा मारून सहा वर्षं झाली होती. ते खाटेवर पडून असत. बोलणं कुणाला कळत नसे, आणि काकू नजरेआड झाल्या की हातातला स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत. पेला वाजला की काकू अर्धं वाक्य तिथंच टाकून आत पळत. सहा वर्षांत त्या किराणा दुकानापलीकडे गेल्या नव्हत्या. माहेर अंबडचं, पण सख्ख्या भाचीचं लग्न त्यांनी मोबाइलवर पाहिलं.

काकू बारावी शिकलेल्या. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडून कागदपत्रं वाचून घ्यायच्या. एक दिवस काकूंनी ते बंदच केलं. वाचून देणार न्हाई, वाचाया शिकवते, म्हणाल्या. आणि शिकवायच्या कशावरून, तर लग्नपत्रिकांवरून! घरोघरच्या जुन्या पत्रिका त्यांनी गोळा केल्या होत्या. नवरी कुणाची, नवरदेव कुठला, हे बायकांना तोंडपाठ. त्यामुळे नाव आधी ओळखू यायचं आणि त्यातली अक्षरं मागाहून. राजूरला दिलेल्या लेकीच्या पत्रिकेवर 'र' पक्का झाला. नवरदेवाच्या मामाचं नाव शोधा म्हटलं, की सगळ्या एका पत्रिकेत डोकी घालायच्या. मग हा मामा सख्खा की चुलत यावर भांडण जुंपायचं, पण नाव बरोबर वाचलेलं असायचं. मी ट्रेनिंगं करकरून म्हातारा झालो, मला हे कधी सुचलं नाही.

सुचलं ते भलतंच. गावातले पंधरा निरक्षर शोधा, शिकवा आणि मार्चमध्ये परीक्षेला बसवा, असा वरून हुकूम आला. मी काकूंच्या ओट्यावर शिकणाऱ्या चौदा बायका लिहून घेतल्या. पंधरावं माणूस मिळेना, आणि मुख्याध्यापक रोज डोकं खात होते. शेवटी मी निरक्षरांच्या यादीत काकूंचंच नाव टाकलं. शिकवणारा स्वयंसेवक म्हणून लिहिलं माझं. असले उद्योग करणारा मी एकटाच मास्तर नसेन, पण म्हणून लाज काही कमी होत नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा यादी घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो आणि सगळं कबूल केलं. तुमचं नाव काटून टाकतो म्हणालो. चार शब्द ऐकून घ्यायची तयारी होती. काकूंनी यादी नीट वाचली, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"परीक्षा कुठं हाये?"

"आपल्या शाळेतच. दहा ते पाच कधीही यायचं, तीन तास बसायचं."

"मंग राहू द्या. सरकारी कामाला हे न्हाई म्हणणार न्हाईत."

रविवारी दहाच्या ठोक्याला काकू हजर. घरी पुतणीला बसवलं होतं. अंगावर घडी मोडलेली जांभळी साडी, केसांत गजरा. आधी त्यांनी मैदानाला एक चक्कर मारली, नळाचं पाणी प्यायलं आणि मग खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. चौदाजणी माना मोडून लिहीत होत्या. काकू हनुवटीखाली हात घेऊन बाहेर बघत होत्या. बाहेर काय, एक लिंबाचं झाड आणि रस्ता. तीन तास पूर्ण बसल्या, मिनिटभर आधी उठल्या नाहीत.

निकाल लागला. चौदाही जणी पास! काकूंच्या नावापुढे 'सुधारणा आवश्यक'. त्यांचा पेपर मीच तपासला होता. वर वळणदार अक्षरात नाव होतं आणि खाली सगळा कोरा. मला राग आला, खोटं कशाला बोलू. बारावी शिकलेल्या बाईनं माझ्या शाळेचा निकाल बिघडवला होता. तणतणत त्यांच्या दारात गेलो आणि विचारलं, काकू, एक ओळसुद्धा लिहिली नाही?

आत पेला वाजायला लागला. त्या उठल्या, दारापाशी थांबल्या.

"पास झाले तं पुढल्या साली मला कोण बोलावल, सर?"

त्या आत गेल्या.

यंदा यादी करायला घेतली तेव्हा पहिलं नाव काकूंचं लिहिलं. परीक्षेच्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले. बाराला पुतणी आली. काकांना पहाटेपासून धाप लागली होती, काकूंचा हात सोडत नव्हते. जमलं तं येते, असा निरोप होता.

खिडकीजवळच्या बाकावर मी त्यांचा पेपर ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर डस्टर ठेवलं. पोरीला म्हणालो, सांग त्यांना, पाचपर्यंत आहे मी. बाकीच्या बायका पेपर देऊन गेल्या. मी पाचपर्यंत बसलो, मग सहापर्यंत बसलो.