हात मागे बांधणाऱ्या बाई

पेशंटसमोर उभ्या राहिल्या की बाई आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. समोरचा माणूस खुर्चीतून उठताना घामाघूम झालेला, घरचे पुढे धावायच्या बेतात, आणि बाई मात्र शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या निवांत. तो पडेल असं वाटलं तर ते हात कधी पुढे यायचे, कळायचंही नाही. पण हे मला फार उशिरा दिसलं. पहिल्या दिवशी मात्र हात लावायचाच नसेल तर ही बाई आली कशाला, असं मी बायकोजवळ तणतणलो होतो.

माझे वडील, म्हणजे आण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी या फिजिओथेरपीच्या बाई सुचवल्या. बाई मूळच्या गडहिंग्लजच्या, दवाखाना शाहूपुरीत. आमच्या गल्लीत त्यांचं नाव पडलं ‘मालिशवाल्या बाई’. कोल्हापुरात पाय मुरगळला की तालमीत जाऊन चोळून घ्यायचा रिवाज, त्यामुळे फिजिओथेरपी म्हणजे कॉलेजात शिकलेली मालिश, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. माझीही होती. बाई चिडायच्या नाहीत. म्हणायच्या, “मालिशवाली म्हणा न्हायतर काय बी म्हणा, पर म्हणताना हात वर करून म्हणा. तेवढाच व्यायाम!”

आण्णांचं मागणं एकच होतं. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला म्हणून त्यांनी मला भरल्या ताटावरून उठवलं होतं. त्याच आण्णांचा आता उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. ते बाईंना म्हणाले, “चालाय न्हाय आलं तरी चालंल. पर जेवायला उजवा हात पायजे. चारचौघांत बसायचं हाय मला.”

बाई म्हणाल्या, “शब्द देत न्हाय, आण्णा. पर रोज कामाला लावला तर आशा हाय.”

मग सुरू झालं. टेबल फडक्याने पुसायचं, रिकामी वाटी सरकवायची, भाकरीचा तुकडा चिमटीत धरायचा प्रयत्न करायचा. एक वाटी वीतभर सरकवायला आण्णांना पाच मिनिटं लागायची. आईला ते बघवायचं नाही. बाईंची पाठ वळली की ती आण्णांना भरवायला बसायची. आजारी माणसाला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही, यालाच आमच्या घरात सेवा म्हणतात. मीही त्यांना उचलून बसवायचो, उचलून निजवायचो आणि स्वतःला श्रावणबाळ समजायचो.

तिसऱ्या आठवड्यात आण्णा थकून रडले. मला राहवलं नाही. आजारी माणसाला विश्रांती हवी, कवायत नको, असं मी ठरवलं आणि बाईंना फोन करून सांगितलं, “उद्यापासून येऊ नका.” त्या म्हणाल्या, “सर, थांबवू नका. ह्योच टाइम हाय.” मी फोन ठेवला. मग तालमीतला एक नावाजलेला मालिशवाला आणला. खांदा मोकळा करतो म्हणून त्याने तो लुळा हात असा ओढला की आण्णांची किंकाळी गल्लीत ऐकू गेली. त्यानंतर दुखू नये म्हणून आम्ही तो हात गळ्यात बांधून ठेवला. दीड महिना. हायस्कूलमध्ये पोरांना विज्ञान शिकवणारा मी, पण घरच्या हाताचं मी हे असं केलं.

शेवटी मान खाली घालून बाईंकडे गेलो. त्या घरी आल्या. खांदा आखडला होता, मूठ छातीशी वळून बसली होती. बाईंनी बराच वेळ तो हात धरून ठेवला. मी म्हणालो, “चूक माझी आहे.”

“तुमी मायेनंच केलंसा, सर,” त्या म्हणाल्या. “पर अंगाला ते कळत न्हाय.” मग आण्णांकडे वळून त्यांनी सांगितलं, “हात ताटापातूर यील, असं आता मला वाटत न्हाय. पाय मात्र मी सोडणार न्हाय.” आण्णांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाय त्यांनी खरंच सोडला नाही. वर्षभरात आण्णा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. पण जेवण दार लावून, डाव्या हाताने, एकटे. माझ्या भाचीच्या लग्नालाही ते आले नाहीत. तब्येतीचं निमित्त सांगितलं, पण कारण मला माहीत होतं. 

एका दुपारी बाई जेवायला थांबल्या. आण्णांच्या खोलीत ताट नेऊन त्यांच्या शेजारी बसल्या, उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हाताने भाकरी मोडायला लागल्या. भाकरी मोडेना, रस्सा साडीवर सांडला. “तुमी रोज करतासा, तुमास्नी सवय हाय,” त्या म्हणाल्या. “मला शिकवा की.” आण्णा हसले. त्या आजारपणात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. पुढे बाई अधूनमधून अशाच जेवायला थांबायच्या. पण त्यांच्याशिवाय कुणासमोर आण्णा जेवले नाहीत.

गेल्या वर्षी बाईंनाच कॅन्सर झाला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या पलंगावर उठून बसायची धडपड करत होत्या. मुलगी धावली, तिला त्यांनी मानेनेच थांबवलं. मी दाराशी उभा होतो. माझे हात आपोआप मागे गेले. बसल्यावर दम खात त्या म्हणाल्या, “शिकलासा म्हणायचं, सर.” पंधरा दिवसांत त्या गेल्या.

बाई बौद्ध, त्यामुळे दिवसकार्याऐवजी त्यांचं पुण्यानुमोदन गडहिंग्लजला होतं. आण्णा म्हणाले, “मी येणार.” बुद्धवंदना झाली, लोक बाईंबद्दल बोलले आणि मग जेवणं सुरू झाली. आण्णा उठून गाडीत जाऊन बसतील, असं मला वाटलं होतं. ते रांगेतल्या खुर्चीवर बसले. डावा हात ताटात गेला तसा वाढणारा एक म्हातारा म्हणाला, “पावणं, उजव्या हातानं घ्या की.” आजूबाजूचे चार जण वळून बघायला लागले.

“ह्यो हात बाईंनी शिकवलाय,” आण्णा म्हणाले.

पुरी मोडेना. ताटातल्या ताटात ती निसटत राहिली. आण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ते थांबले नाहीत. माझा हात त्यांच्या ताटाकडे निघाला होता. मी दोन्ही हात मागे घेतले, आणि त्यांचा घास तोंडात जाईपर्यंत ते तिथेच घट्ट धरून ठेवले.