सायकलवाल्याच्या काचेतला दिवा

ही घटना मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. गणेशोत्सवातल्या व्याख्यानात, निवृत्तीच्या समारंभात, नातवंडांपुढे. दर वेळी शोध मी लावला असं सांगितलं. ते खोटं आहे. आता वय ऐंशीच्या घरात आहे, म्हणून जसं घडलं तसं लिहितो. नाव कुणाचंच घेत नाही.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. लढाई सुरू झाली होती आणि मी अंधेरी भागातल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. विमानतळ जवळ, त्यामुळे ब्लॅकआऊटची सक्ती कडक. घरोघरी काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. संध्याकाळी भोंगा झाला की पोरांच्या टोळ्या ओरडत सुटायच्या, "ओ दुसरा माळा, लाइट घालवा! त्यांच्या विमानाला चहाला बोलावलंय काय?"

एके सकाळी आमच्या हद्दीतल्या एका गल्लीचे वॉर्डन, म्हणजे ब्लॅकआऊट पाळला जातो का ते बघणारे स्वयंसेवक, ठाण्यात आले. निवृत्त हेडक्लार्क, गल्लीत मान, आमच्या वरिष्ठांकडे ऊठबस. म्हणाले, "भोंगा झाला की आमच्या समोरच्या सायकल दुकानाच्या पोटमाळ्यावर दिवा लुकलुकतो. काचेत स्पष्ट दिसतो. उघडझाप, एका लयीत. कुणाला तरी इशारा देतोय तो." मग त्यांनी दुकानदाराचं नाव सांगितलं. नाव मुसलमानाचं होतं. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यातला तपास तिथेच पूर्ण झाला.

हा माणूस तासावर सायकली भाड्याने द्यायचा. गल्लीतली बहुतेक पोरं त्याच्याच सायकलींवर गुडघे फोडून शिकली होती. झडतीत पोटमाळ्यावर खोकंभर दिवे आणि डायनामो मिळाले. पंचनामा केला, दुकानाला सील ठोकलं, बेड्या घातल्या आणि भरदुपारी त्याला गल्लीतून चालवत नेलं. जीप कोपऱ्यावर उभी होती. तरी चालवत नेलं, लोकांनी बघावं म्हणून.

"एवढे दिवे कशाला?" मी चौकशीला सुरुवात केली.

"साहेब, सायकली भाड्याने देतो. दिवा नसला तर तुमचाच हवालदार पोराला पकडतो."

कोपऱ्यातला हवालदार फिसकन हसला. माझा राग त्या हसण्याचा होता, पण मारलं मी दुकानदाराला.

"तिकडे कोण आहे तुझं?"

"मोठा भाऊ. फाळणीत गेला. अम्मा वारली तेव्हासुद्धा त्याचं पत्र नाही आलं."

मी लिहून घेतलं : सख्खा भाऊ शत्रुराष्ट्रात.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी ठाण्यात आली. अकरा-बारा वर्षांची, शाळेच्या गणवेशात, कडेवर धाकटा भाऊ. तिचं कुटुंब मराठवाड्यातून आलेलं, बौद्ध. वडील पालिकेत सफाई कामगार. गल्लीच्या सार्वजनिक नळामागच्या भिंतीवर ती रोज खडूने बातम्या लिहायची. पाण्याच्या रांगेतल्या बायका त्या वाचायच्या.

"मी वार्ताहर आहे. एक प्रश्न विचारायचाय," ती म्हणाली.

"कुठल्या पेपरची गं?" ठाणे अंमलदारांनी विचारलं.

"नळावरच्या."

सगळं ठाणं हसलं. हसणं संपेपर्यंत ती थांबली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चाचा तुमच्याकडे कोठडीत आहेत. मग काल भोंगा झाल्यावर त्यांच्या काचेत दिवा कोणी लावला?"

"साथीदार असेल त्याचा."

"दुकानाला तर तुमचं सील आहे ना?"

संध्याकाळी मी एकटाच, साध्या कपड्यांत तिच्याबरोबर गेलो. भोंगा झाला, गल्ली काळीठिक्कर पडली आणि सील ठोकलेल्या दुकानाच्या वरच्या काचेत दिवा लुकलुकू लागला. मी पुढे धावणार, तोच तिने माझी बाही धरली.

"तिकडं नाय साहेब, मागं आहे तो. चाचांनी काळा कागद आतून लावलाय, एकदम कडेपर्यंत. कागद आतून लावला की काचेचा आरसा होतो. शाळेत आम्ही पोरी तशाच काचेत वेण्या बघतो."

मागे वॉर्डनची इमारत होती. दुसऱ्या माळ्याच्या खिडकीखाली रुंद छज्जा, त्यामुळे गल्लीतून खिडकी दिसत नव्हती. समोरच्या काचेला मात्र दिसत होती.

"मग तो लुकलुकतो कशाने?"

"दिव्यापुढं पाळणा हलतोय. भोंगा झाला की बाळं रडतात. हा पण रडतो." तिने भावाला कडेवर सावरलं. "आता थांबेल बघा."

थोड्या वेळाने काचेतला ठिपका स्थिर झाला.

"झोपलं," ती कुजबुजली.

मी वर गेलो. वॉर्डनची सून, मंद केलेला कंदील, आणि त्याच्या पुढे साडीची झोळी. खिडकीचा कागद कणकेच्या खळीने चिकटवला होता, त्याचा कोपरा उंदरांनी कुरतडला होता. सासरे त्या वेळी नेहमी शिट्टी घेऊन गल्लीत असत, त्यामुळे आपल्याच घरातला हा उजेड त्यांनी कधी पाहिला नव्हता. "मामंजींना सांगू नका हो," ती हात जोडून म्हणाली.

सांगावं लागलंच. त्या रात्रीच मी वरिष्ठांना कळवलं. ते म्हणाले, "वॉर्डनच्याच घरातला दिवा? ठाण्याचं हसं करायचंय का? सोडून दे त्याला, गुपचूप." मी स्टेशन डायरीत 'पुराव्याअभावी सोडले' अशी नोंद केली. 'निर्दोष' हा शब्द मला येत होता. उजाडायच्या आत त्याला मागच्या फाटकातून सोडलं.

सकाळी नळामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत बातमी होती : 'सायकलवाले चाचा निर्दोष. दिवा वॉर्डनच्या घरातला. पोलिसांची चूक.' पाण्याच्या रांगेत नुकती वाचायला सुरुवात झाली होती. मी एका बाईच्या हातातून भरलेली बादली घेतली आणि भिंतीवर ओतली. मग मुलीच्या वडिलांना तिच्यासमोरच बोलावलं.

"नोकरी पालिकेची आहे ना? टिकवायची असेल तर पोरीला आवर."

ते खाली मान घालून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "खोटं काय लिहिलंय तिनं, साहेब?"

"आवर म्हटलं ना."

त्या भिंतीवर पुन्हा बातमी आली नाही. सायकलवाल्याने दुकान उघडलं, पण एकही आई पोराला त्याच्याकडे पाठवीना. शटरवर कुणीतरी 'हेर' असं रंगवलं. उन्हाळ्याआधी तो गल्ली सोडून गेला. कुठे, ते मी विचारलं नाही. त्या वर्षी माझ्या सेवापुस्तकात 'युद्धकाळातील दक्षता' असा शेरा आला, आणि मी तो घेतला.

गेल्या वर्षी त्या गल्लीत गेलो. तिथे आता टॉवर आहे. खाली बाकावर साठी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. विचारलं, "इथे सायकलचं दुकान होतं ना?"

"होतं की! हेर निघाला साला. बेड्या घालून नेला होता. या डोळ्यांनी बघितलाय, एवढासा होतो मी."

"तो हेर नव्हता."

"तुम्हाला काय माहीत?"

"पकडणारा मीच होतो."

त्यांनी सरकून मला बाकावर जागा केली. म्हणाले, "त्या दिवशी त्याची सायकल भाड्याने माझ्याकडे होती हो. बाबा म्हणाले, हेराची आहे, ठेव. त्याच सायकलवर मी अख्खी शाळा काढली." मग आवाज चढला. "अहो, तेव्हाच सांगायचं ना! परत केली असती मी."

नोकरीत मी पुष्कळ माणसं पकडली आणि पुष्कळ सोडली. पकडायचं कसं ते मला शिकवलं होतं. सोडायचं कसं ते या प्रकरणाने शिकवलं, पण मी ते शिकलो फार उशिरा. ज्या लोकांदेखत माणसाला बेड्या घालून नेलं, त्यांच्यादेखतच त्याला त्याच्या दारापर्यंत पोचवायला हवं होतं. मोठ्याने, चूक आमची झाली असं म्हणून. एवढ्याला अर्धा तास लागला असता.

तो माणूस निर्दोष होता. दिवा वॉर्डनच्या घरातला होता. शोध त्या मुलीने लावला. गल्लीतल्या एकाच माणसाला हे मला समोर बसून सांगता आलं. बाकीच्यांपैकी जे कोणी हयात असतील, त्यांनी हे वाचावं.