दत्तारामच्या टाकीतलं पाणी

किस्से हे बोटीच्या डिझेल टाकीतल्या पाण्यासारखे असतात. कुणी मुद्दाम ओतत नाही, तरी तळाशी साचत राहतात. मग एखाद्या दिवशी चालतं इंजिन बंद पडतं आणि कळतं, अरे, एवढं साचलं होतं!

मी लंडनजवळ वॉटफर्डच्या बस गॅरेजात बसगाड्या धुवायचो. दत्ताराम तिथेच फिटर होता. त्याआधी तो जहाजावर इंजिनरूममध्ये असायचा. दोन हजार सालानंतर कधीतरी त्याची बायको शालन गेली, तेव्हा त्याने कॅनॉलवरची एक जुनी लोखंडी बोट घेतली. लांबलचक आणि अरुंद. नाव ठेवलं ‘शालन’. त्याच बोटीत राहायला लागला. दर रविवारी मी आणि डॉक्टर तिथे जाऊन बसायचो. डॉक्टर म्हणजे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात.

आम्ही तिघंही बोलायला कमीच. किस्से मात्र खूप झाले.

*

पहिल्याच फेरीत इंजिन खोकायला लागलं. दोन आचके दिले आणि बरोबर एका पबसमोर बंद पडलं! बाहेर बसलेल्या लोकांनी ग्लास वर करून टाळ्या वाजवल्या. त्यातला एक म्हातारा गोरा काठावर आला आणि ओरडला, “डिझेलमध्ये पाणी आहे तुमच्या!”

डॉक्टर खुशीत आले. म्हणाले, “अहो दत्तोबा, जलोदर झालाय हिला. पोटातलं पाणी काढावं लागेल!”

मी हसलो. मग आठवलं. शालनवहिनींना शेवटी तेच झालं होतं. डॉक्टरांनाही आठवलं असावं. ते उगाच दोर गुंडाळत बसले.

*

टाकी बोटीच्या मागच्या टोकाला, फळ्यांच्या खाली. पाणी काढायचं तर पोटावर झोपून हात आत घालावा लागतो. दत्तारामचे गुडघे गेलेले. त्याने मुलाला फोन केला. महेश रेडिंगला इन्शुरन्सच्या ऑफिसात. सहा महिने ‘बिझी आहे बाबा’ चाललं होतं. इंजिन बंद पडलंय म्हटल्यावर पुढच्याच रविवारी हजर!

दत्ताराम मला हळूच म्हणाला, “मी आजारी आहे म्हटलं असतं तर म्हणाला असता, जीपीकडे, दवाखान्यात जा.”

महेशने टाकीच्या तळाशी नळी सोडली, हातपंप मारला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत डिझेल काढलं. इथे बोटींना लाल डिझेल मिळतं. बरणी हलवायची नाही, तशीच ठेवायची. हळूहळू लाल डिझेल वर राहतं आणि पाणी खाली बसतं. मग कळतं पाणी किती आहे, अजून किती काढायला हवं.

तेवढा वेळ महेशला थांबावं लागलं. दत्तारामने पोहे केले. महेश आईच्या हातच्या पोह्यांबद्दल बोलला, ऑफिसातल्या साहेबाबद्दल बोलला. मग घड्याळ बघून उठायला लागला.

“थांब,” दत्ताराम म्हणाला, “अजून नीट बसलं नाही.”

बरणीत पाणी केव्हाच बसलं होतं. मी बघत होतो.

*

महेश इथेच वाढला. मराठी बोलतो, पण ती-तो-ते सगळं एकाच पिशवीत! एकदा पंप मारता मारता वैतागून म्हणाला, “बाबा, तुमचं बोट विकून टाका!”

दत्तारामने हाताचं बोट वर केलं. काळं, नख चेपलेलं. “हे? हे कोण घेणार रे?”

डॉक्टरांना हसून ठसका लागला.

“ती बोट, आणि हे बोट,” दत्ताराम म्हणाला. “हे धरून तू चालायला शिकलास. दोन वर्षांचा होईपर्यंत सोडत नव्हतास!”

“व्हॉटेव्हर, बाबा,” महेश म्हणाला. “दोन्ही विका.”

*

पण पाणी काही थांबेना. काढलं की आठवड्यात पुन्हा! महेश म्हणाला, टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेचंच पाणी होतं, म्हणून टाकी भरून ठेवा. दत्ताराम ‘हो हो’ म्हणाला. पुढच्या खेपेला महेशने झाकणाचं रबर बदललं. तरी पाणी!

मग त्याने स्वतः यायच्या ऐवजी एक मेकॅनिक पाठवला. चांगला माणूस होता बिचारा, सगळी हत्यारं घेऊन आलेला. दत्तारामने त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि दारातूनच सांगितलं, “नो वॉटर. ऑल गुड.”

तो गेल्यावर दत्ताराम बराच वेळ कप धूत बसला. मग म्हणाला, “वाढदिवसाला लोक फुलं पाठवतात ना, तसा मेकॅनिक पाठवलाय!”

डॉक्टर म्हणाले, “तुमचं बरं आहे हो. बिघडायला काहीतरी आहे. माझ्या घरातला टीव्हीसुद्धा बिघडत नाही!”

*

आठवड्यात इंजिन पुन्हा बंद, आणि महेश पुन्हा दर रविवारी पंप मारायला हजर. एका रविवारी डॉक्टरच कंटाळले. “दत्तोबा, पुरे झालं आता. पाणी सोडा या बोटीवर!”

“सोडतोच की डॉक्टर,” दत्ताराम म्हणाला, “शनिवारी शनिवारी!”

आम्ही दोघंही हसलो. मराठीतला विनोद बरा वाटतो इकडे. फार दिवस ऐकलेला नसतो.

*

पुढच्या शनिवारी वेम्बलीला आपल्याकडची भाजी आणायला गेलो होतो. येताना त्याच्यासाठी सुरण घेतला आणि न सांगता बोटीवर गेलो. दत्ताराम मागच्या टोकाला ओणवा उभा होता. टाकीचं झाकण उघडं. हातात चहाची किटली, आणि किटलीची चोच टाकीच्या तोंडात!

मला बघून तो दचकला नाही. किटली सरळ केली, झाकण फिरवून घट्ट बसवलं.

मी म्हटलं, “अरे दत्ता, तू फिटर ना? इंजिन मरेल.”

“उकळून गार केलेलं आहे,” तो म्हणाला. “उद्या महेश येतोय.”

मी सुरण खाली ठेवला. त्याने किटली धुतली आणि त्याच किटलीत माझ्यासाठी चहा टाकला. मी प्यायलो. डॉक्टरांना काही सांगितलं नाही. महेशला तर नाहीच.

*

दुसऱ्या हिवाळ्यात इंजिन मेलं. पाण्याने आतून गंजून गेलं होतं. महेशने बघितलं आणि म्हणाला, आता दुरुस्ती नाही. त्याने गिऱ्हाईकही शोधलं, बाबांसाठी वॉटफर्डमध्ये एक खोलीही बघितली. चांगली खोली, गरम, इमारतीला लिफ्ट. वाईट मुलगा नाही तो. कुणी तसं समजू नये.

ज्या दिवशी नवा मालक दुसऱ्या बोटीने ‘शालन’ला ओढून न्यायला आला, त्या दिवशी आम्ही सगळे काठावर होतो. महेशच्या अंगावर खूप दिवसांनी स्वच्छ कपडे होते. खुशीत मला म्हणाला, “नानाकाका, संपलं एकदाचं! आता दर संडेला यायला नको!”

दत्ताराम शेवटचा उतरला. गुडघे दुखत होते म्हणून महेशने हात पुढे केला. दत्तारामने हात धरला नाही, त्याचं एक बोट धरलं आणि तेवढ्याच्या आधाराने काठावर आला. त्याच्या दुसऱ्या हातात बोटीचा दोर होता. पुढची बोट सुरू झाली. दोर ताणला गेला.

“बाबा,” महेश म्हणाला, “तुमचं बोट सोडा आता.”

दत्तारामने दोर सोडला. ‘शालन’ काठापासून हलली, हळूहळू पुलाकडे निघाली. महेशला गाडीची किल्ली काढायची होती. त्याने हात ओढून पाहिला. मग म्हणाला, “बाबा, माझं बोट सोडा ना.”

जन्मात पहिल्यांदा बरोबर बोलला!

दत्ताराम पुलाकडे बघत होता. मूठ तशीच घट्ट.

“सोडली की रे,” तो म्हणाला. “ती बघ, चालली.”