पितळी पेल्यातला आंबा

नणंदेला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. यंत्रातून निघालेला बर्फ घरात आणायला तिची सक्त मनाई. तो कोणत्या पाण्याचा, कुणाच्या हातचा, देव जाणे. म्हणून ज्या दुपारी ती भजनाला गोविंदपुरमला गेली, त्या दुपारी मी मुलांना घेऊन आंब्याचा रस गोठवायचा बेत पार पाडला.

थोरल्याने स्टेशनाजवळच्या सोडावाल्याकडून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलवर आणली. मधलीने आंबे पिळले, आणि धाकट्याने त्यातला निम्मा रस चाखून पाहिला. उरलेला रस आम्ही कल्हई केलेल्या पितळी पेल्यांत ओतला. मधे धरायला काडी हवी होती. थोरल्याने दात घासायच्या कडुलिंबाच्या काड्या सोलून खोचल्या; मी बर्फ फोडत होते, माझं लक्षच नव्हतं. पेले घंगाळात ठेवले, भोवती बर्फ आणि खडेमीठ दाबून भरलं, वर गोणपाट टाकलं.

घटकाभरही धीर न धरता मुलं गोणपाट उचलून बघत. शेवटी रस घट्ट झाला. मी आतून फडकं घेऊन येते तोवर धाकट्याने एक पेला उचलून बाहेरूनच चाटला. जीभ पितळेला चिकटली.

नेमकी त्याच वेळी दारात बैलगाडी थांबली. अक्का लवकर परतली होती. धाकटा घाबरून धावला तो थेट तिच्यापुढे, जिभेला पेला लटकलेला.

"काय झालं रे?"

"अं अं अं."

अक्काने त्याच्या कपाळाला अंगारा लावला. "कुणाची दृष्ट लागली गे ह्याला?"

"दृष्ट नाही अक्का, बर्फ आहे," मी म्हणाले आणि कोमट पाणी त्याच्या जिभेवर ओतलं. पेला सुटला. त्याने पहिला शब्द काढला तो "माझा", आणि पेला छातीशी धरला.

मग सगळं सांगावंच लागलं. अक्का पायरीवर बसून ऐकत होती.

"म्हणजे बर्फ बाहेर, रस आत?"

"हो."

"एकमेकांस शिवले नाहीत?"

"मधे पितळ आहे."

तिने जरा विचार केला. "मग आण एक."

पहिल्याच घासाला तिने गाल धरला, डोळे मिटले. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"गोड आहे," ती सावकाश म्हणाली. "पण मधोमध औषध का घातलंस?"

थोरल्याने काढता पाय घेतला. आम्ही बाकीच्यांनी काडीपाशी पोचण्याआधीच थांबायचं ठरवलं. धाकट्याने मात्र काडीसुद्धा चघळली.

घंगाळात बराच बर्फ उरला होता. तो फेकायला मी घंगाळ उचललं, तर अक्काने माझा हात धरला आणि ताकाचं भांडं आणून त्यात रोवलं. संध्याकाळी हे कचेरीतून घामाघूम होऊन आले. तिने त्यांच्यापुढे ताक ठेवलं. एका दमात पिऊन त्यांनी भांड्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि काही न विचारता पुन्हा पेला पुढे केला.