फेमिनिनचं बाक

"फेमिनिन ऑफ बुल?" इन्स्पेक्टर साहेबांनी पहिल्या बाकावरच्या गणपतला विचारलं.

गणपतने साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि छाती काढून म्हणाला, "बुल!"

"बुल मी म्हणालो. तू त्याची जोडी सांग."

"बुल, सर." वर्गात त्याचं काम तेवढंच होतं, ते त्याने चोख केलं.

साहेबांनी दुसऱ्याला 'किंग' दिला. त्याने किंग परत केला. तिसऱ्याने 'कॉक' परत केला. माझ्या शर्टाची पाठ ओली झाली. दोष पोरांचा नव्हता. दोष माझ्या पद्धतीचा होता, आणि ती पद्धत मी मोठ्या कौतुकाने बसवली होती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. फुलसावंगीच्या बाजूला एका शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवायचो. चौतीस पोरं आणि एक पोरगी. जेंडर म्हणजे नर-मादी शब्दांच्या जोड्या. आपल्याकडे घोड्याची घोडी, कोंबड्याची कोंबडी, शेपूट बदललं की भागलं. इंग्रज तेवढा सरळ नाही. हॉर्सची मेअर, कॉकची हेन, बुलची काऊ. सगळं पाठच करावं लागतं. पोरं कंटाळू नयेत म्हणून मी सवाल-जवाब सुरू केला. एका बाजूने मॅस्क्युलिन म्हणायचं, दुसऱ्या बाजूने फेमिनिनने उत्तर द्यायचं. अर्धी पोरं इकडे, अर्धी तिकडे बसवणार होतो, तर गणपत अडून बसला.

"पोरीचे शब्द आमी कायले म्हनू, सर?"

मला हसू आलं आणि मी ऐकलं त्याचं. झालं! सगळी फेमिनिन बाजू खिडकीजवळच्या बाकावर एकट्या जमनीकडे गेली. चौतीस गळे 'बुल' म्हणून ओरडायचे, मग तिचा एकटीचा आवाज यायचा, 'काऊ'. वर्ग असा दणाणायचा की हेडमास्तर खूश.

जमनी शेजारच्या बंजारा तांड्यावरची, तिथून शाळेत आलेली पहिलीच मुलगी. आई दोन वर्षांमागे वारली होती. धाकट्या दोघांसाठी भाकरी थापून, दोन कोस चालून ती पहिल्या तासाला हजर असायची. फार लाडकी होती ती माझी, लपवून काय करू? इन्स्पेक्शनच्या चार दिवस आधी तिचे वडील, हरजी, शाळेत आले.

"मास्तर, पोरीले काढून घेतो आता. घरात याडी नाही, लेकरं कोन पाहीन? लग्नाचंबी एक ठिकान आलं."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. जमनी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा मला पाहवेना. मी वेळ मारून नेली.

"हरजीभाऊ, चार दिवसांनी साहेब येऊन राह्यले. पोरगी शिकण्यात कच्ची आहे म्हणाले, तर खुशाल घेऊन जा."

"अन पक्की म्हनले त?"

"तर मॅट्रिकपर्यंत तिला हात लावायचा नाही."

हरजींनी विचार केला. "बरं. मी सोता येतो ऐकाले."

म्हणून त्या दिवशी ते व्हरांड्यात पागोटं मांडीवर घेऊन बसले होते आणि आत माझा वर्ग एकेक करून बुडत होता.

साहेबांची नजर खिडकीकडे गेली. "ती मुलगी. किंग?"

"क्वीन."

"हॉर्स?"

"मेअर."

"आता उलट विचारतो. हेन?"

मी डोळे मिटले. उलट मी कधी घेतलंच नव्हतं.

"कॉक," जमनी म्हणाली.

"विडो?"

"विडोअर."

"अर्थ काय?"

जमनीने व्हरांड्याकडे पाहिलं. "ज्याची बायको मेली थो मानूस, साहेब. माह्या बापासारखा."

साहेबांनी चष्मा काढला. "बाळ, या मुलांना येत नाही, मग तुला कसं येतं?"

"थे आपलं म्हनतात अन मोकळे होतात. मले त त्यायचं ऐकल्याबिगर माहं म्हनताच येत नाही."

साहेब मोठ्याने हसले. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ती वही हेडमास्तरांनी मला मुद्दाम दाखवली: 'आठवीचं इंग्रजी कच्चं. एक विद्यार्थिनी उत्तम. शिक्षकाने पद्धत बदलावी.'

मी वही घेऊनच हरजींकडे गेलो आणि ओळ वाचून दाखवली. ते उठले, पागोटं डोक्यावर ठेवलं.

"मले इंग्रजी काय समजते, मास्तर? पन चौतीस पोट्टे अडले अन माही पोरगी बोलली, थे समजलं."

"मग लेकरांचं कसं करता?"

हरजी जमनीकडे पाहत राहिले. डोळे भरले होते त्यांचे.

"मी पाहीन. थे काय म्हनली, विडोअर? त्याचंच काम आहे थे."

दुसऱ्या दिवशी मी बाजू बदलल्या. चौतीस पोट्टे मान खाली घालून 'क्वीन' म्हणाले. सगळ्यात बारीक आवाज गणपतचा होता. जमनी पुढे मॅट्रिक झाली. मी मात्र रिटायर होईपर्यंत एक नेम पाळला. वर्ग एका सुरात दणाणायला लागला की थांबवायचा आणि एकेकाला उठवायचं. बहुतेक वेळा उठलेला एखादा नवा गणपतच निघायचा.